तिजोरीच्या दोन किल्ल्या



कामगार संघटनेच्या माणसाने व्याख्यानमालेत बोनस, महागाईभत्ता किंवा फार तर संप या विषयांवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. संगणकांतून होणाऱ्या चोऱ्या आणि त्यांपासून पेढ्या-कारखाने आपले रक्षण कसे करतात, या विषयावर आम्ही बोलणार असे कळल्यावर आमच्या एका स्नेह्यांनी सरळच विचारले, "तुमचा आणि ह्या विषयाचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या उपाहारगृहात आणि वाचनालयाच्या बाकावर. संगणकाच्या पोटात काय असते ते आम्ही कोणत्याही विद्यापीठात शिकलेलो नाही. पण चोरी झाल्यावर नोकरी कोणाची जाते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. त्या एका प्रसंगाने आम्हांला या विषयाकडे ढकलले. तो प्रसंग शेवटी सांगू. आधी थोडा इतिहास पाहू, कारण या चोऱ्या वाटतात तितक्या नव्या नाहीत.

आपल्याकडच्या जुन्या दप्तरांतली पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक असेल, की शिवकालीन आणि पेशवेकालीन राजपत्रांच्या शेवटी एक लहानशी मुद्रा असते. तिला मोर्तब म्हणत. तिचा अर्थ इतकाच, की मजकूर येथे संपला. याच्या खाली कोणी काही लिहिले तर ते आमचे नव्हे. लांब पत्र कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवून लिहिले जाई, तेव्हा त्या सांध्यांवर पाठीमागून शिक्के उमटवीत, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा घुसडता येऊ नये. हे शिक्के शोभेसाठी नव्हते. निरोप कोणाचा, तो पुरता आहे काय, वाटेत त्यात कोणी हात घातला काय, हे तीन प्रश्न त्या कारकुनांना पडलेले होते. आजच्या संगणकतज्ज्ञांपुढेही हेच तीन प्रश्न आहेत. फरक इतकाच, की पूर्वी घोडेस्वार निरोप नेई. आज तो तारेतून आणि हवेतून जातो.

तारायंत्रही येण्यापूर्वीची फ्रान्समधील एक हकीकत सांगतो. तेथे सरकारने टेकड्याटेकड्यांवर मनोरे बांधून त्यांवर लाकडी हात बसवले होते. हातांच्या निरनिराळ्या ठेवणीने अक्षरे आणि शब्द दाखवायचे, पुढच्या मनोऱ्यावरच्या माणसाने दुर्बिणीतून पाहून तसेच हात हलवायचे. पॅरिसचा निरोप अशा रीतीने दूरच्या गावी फार लवकर पोचे. पण ही सोय केवळ सरकारसाठी होती. व्यापाऱ्यांना पॅरिसच्या बाजारातील रोख्यांचे भाव टपालगाडीने, म्हणजे काही दिवसांनी कळत. बोर्दो शहरातील ब्लाँ नावाच्या दोघा बंधूंनी १८३४ साली तूर येथील मनोऱ्यावरच्या माणसाला लाच देऊन फितवले. त्याने सरकारी निरोपात एक ठरावीक चूक घुसडायची आणि लगेच ती चूक रद्द केल्याची खूण द्यायची. सरकारी कचेरीत ती चूक गाळून निरोप वाचला जाई. पण बोर्दोच्या मनोऱ्यावर डोळा ठेवून बसलेल्या माणसाला त्या चुकीवरून भाव चढला की उतरला ते समजे. दोन वर्षे हा उद्योग सुखेनैव चालला. १८३६ साली तो फितूर माणूस आजारी पडला, त्याने आपले काम चालवण्यासाठी एका मित्राला विश्वासात घेतले आणि बिंग फुटले. खटला झाला; पण सरकारी मनोऱ्यांचा असा वापर करू नये असा कायदाच नव्हता, म्हणून हे बंधू निसटले. कायदा झाला १८३७ साली, चोरी उघडकीस आल्यानंतर.

या एका गोष्टीत पुढच्या दोनशे वर्षांचे सार आहे असे आम्हांस वाटते. चोराने मनोरा फोडला नाही. मनोऱ्यावरच्या माणसाला गाठले. सरकार यंत्राकडे पाहत राहिले, यंत्र चालवणाऱ्याकडे कोणी पाहिले नाही. आणि कायदा चोराच्या मागून धापा टाकीत आला.

आता एकदम दीडशे वर्षे पुढे येऊ. १९८८ सालच्या नोव्हेंबरच्या २ तारखेला अमेरिकेतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक लहानशी आज्ञावली संगणकांच्या जाळ्यात सोडली. ती एका संगणकावरून दुसऱ्यावर आपण होऊन जाई. त्या वेळी जाळ्यात सुमारे ६० हजार संगणक असावेत आणि त्यांतील दहांपैकी एक तिने जायबंदी केला, असा अंदाज केला गेला. ती आत कशी शिरे? काही ठिकाणी आज्ञावलीतल्या दोषांतून, आणि काही ठिकाणी नेहमीच्या परवलीच्या शब्दांची यादी एकेक करून लावून पाहून. विद्वानांच्या विद्यापीठांतही लोक सोपे शब्दच परवलीला ठेवीत होते. या धक्क्यानंतर त्याच वर्षी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांची वर्दी घेणारे आणि इतरांना सावध करणारे पहिले पथक उभे राहिले. त्याच नमुन्यावर आपल्या देशात 'सर्ट-इन' ही सरकारी संस्था २००४ साली सुरू झाली.

२००० सालच्या मे महिन्यात फिलिपाइन्समधून एक ईमेल जगभर गेला. मथळ्यात प्रेमाची कबुली होती. कोणाचे आपल्यावर प्रेम आहे हे पाहण्यासाठी लाखो लोकांनी सोबतची चिठ्ठी उघडली आणि तिने त्यांच्या संगणकावरील कागदपत्रे नासवून आपल्या प्रती त्यांच्या सर्व परिचितांना धाडल्या. ज्याने हे केले त्याच्यावरचे आरोप मागे घ्यावे लागले, कारण तेथेही तेव्हा तसा कायदा नव्हता. आपला माहिती तंत्रज्ञानाचा कायदा त्याच वर्षी ऑक्टोबरच्या १७ तारखेला अमलात आला.

इथपर्यंतच्या गोष्टींत उपद्रव पुष्कळ होता, पण दरोडा नव्हता. दरोडा पुढे आला.

२०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर जो दरोडा पडला, तो प्रत्येक बँक कर्मचाऱ्याने अभ्यासावा असा आहे. या बँकेचे डॉलर न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत होते. ४ फेब्रुवारी, गुरुवारच्या रात्री ढाक्याहून न्यूयॉर्कला पैसे पाठवण्याचे ३५ हुकूम गेले. एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर. हुकूम रीतसर होते, फक्त ते बँकेने दिलेले नव्हते. चोर कित्येक महिन्यांपासून बँकेच्या संगणकांत बसून होते. ते शिरले कसे, हे अमेरिकेच्या तपासयंत्रणेने पुढे न्यायालयात सांगितले: नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या एका होतकरू उमेदवाराचे म्हणून आलेले ईमेल. चोरांनी सुट्यांचे पंचांगही पाहिले होते. ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुटी, न्यूयॉर्कला शनिवार-रविवार, आणि पैसे जेथे जायचे त्या मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची सुटी. झालेल्या व्यवहारांचे कागद ज्या यंत्रातून छापून येत, ते यंत्रही त्यांनी बंद पाडले होते. कर्मचाऱ्यांना वाटले, नेहमीसारखे बिघडले असेल.

पाच हुकूम पार पडले. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोचले आणि बरेचसे जुगारगृहांतून नाहीसे झाले. २ कोटी डॉलर श्रीलंकेतील एका संस्थेच्या नावे निघाले होते. त्या नावातील 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते. मधल्या बँकेने त्याबद्दल विचारणा केली आणि ती रक्कम वाचली. म्हणजे कोट्यवधींच्या यंत्रणा डोळे मिटून बसल्या असताना दोन कोटी डॉलर वाचले ते एका शुद्धलेखनाच्या शंकेने. शाळेत शुद्धलेखनासाठी छड्या खाल्लेल्यांनी याची नोंद घ्यावी.

पण ढाका दूर आहे असे कोणी समजू नये. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली, आपल्या राज्यातील जुन्या सहकारी बँकांपैकी एक. २०१८ च्या ऑगस्टच्या ११ तारखेला, शनिवारी, २८ देशांतील एटीएम यंत्रांतून या बँकेच्या नकली कार्डांवर सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातून आणखी अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र बँकेला विचारते, "या माणसाला पैसे देऊ का?" चोरांनी मधल्या वाटेवर आपला एक तोतया बसवला. प्रश्न बँकेपर्यंत पोचेच ना. तोतयाच परस्पर "द्या" म्हणे. मराठी माणसाला तोतयाचे बंड शिकवावे लागत नाही. हा तोतया फक्त हाडामांसाचा नव्हता. खातेदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही असे बँकेने जाहीर केले. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. त्यांत एटीएमसमोर उभे राहून नोटा काढणारे हात होते. ज्या डोक्यातून हा बेत निघाला ते त्या पिंजऱ्यात नव्हते.

तिसरी गोष्ट बंदराची. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीत विष कालवले गेले. ती आज्ञावली वापरणाऱ्या प्रत्येकाकडे ते नेहमीच्या सुधारणेच्या रूपाने, म्हणजे औषध म्हणून, पोचले. वरवर ते खंडणी मागे. पण खंडणी देऊनही काही परत मिळण्यासारखे नव्हते. मेर्स्क या डेन्मार्कच्या प्रचंड जहाज कंपनीचे संगणक जगभर एकामागून एक काळे पडले. ४ हजार मोठे आणि ४५ हजार साधे संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे. आपल्या न्हावाशेवा बंदरातील एक धक्का याच समूहाकडे होता. तेथेही काम अडले, कंटेनरचे ट्रक खोळंबले आणि जे यंत्र सांगत असे ते माणसांना कागदावर लिहून करावे लागले. युद्ध युक्रेनवर, आणि ताटकळला उरणच्या रस्त्यावरचा ट्रकचालक. मेर्स्कला पुन्हा उभे राहता आले यात दैवाचाही वाटा होता. तिच्या जाळ्याचा मुख्य नकाशा सगळीकडे पुसला गेला होता. घाना देशातील एका कचेरीत त्या दिवशी वीज गेलेली असल्यामुळे तेथली एक प्रत तेवढी शाबूत राहिली. वीज जाण्याचे एवढे कौतुक आम्ही दुसरे कोठे ऐकले नाही.

आता अलीकडचा फसवणुकीचा प्रकार. २०२२ साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना खुद्द मालकांच्या नावाने व्हॉट्सॲपवर निरोप आला, अमुक खात्यांत ताबडतोब पैसे भरा. एक कोटीहून अधिक रक्कम गेली. २०२४ साली अरप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कचेरीतील एका कर्मचाऱ्याला पडद्यावर बैठकीला बोलावले गेले. समोर वरिष्ठ अधिकारी दिसत होते, बोलत होते. ती सारी माणसे यंत्राने बनवलेली सोंगे होती. सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. आवाज ओळखला, चेहरा ओळखला, म्हणून माणूस ओळखला, हा आपला पिढ्यानपिढ्यांचा भरवसा आता पुरेसा राहिलेला नाही.

मग धंदे आपले रक्षण करतात तरी कसे? यातील बरेच उपाय जुनेच आहेत. बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. तोच नियम संगणकात आला: व्यवहार एकाने लिहायचा, दुसऱ्याने तपासून सोडायचा. परवलीच्या शब्दाबरोबर मोबाईलवर येणारा आकडा मागतात, तीही दुसरी किल्लीच. जहाजाच्या पोटात कप्पे असतात, एकात पाणी शिरले तर जहाज बुडू नये म्हणून; तसे कंपनीच्या जाळ्याचे कप्पे करतात. ज्याला ज्या खोलीत काम त्याला त्याच खोलीची किल्ली देतात. आज्ञावलीतले दोष कळले की लगेच ठिगळ लावतात. २०१७ च्या मे महिन्यात ज्या 'वॉनाक्राय'ने दीडशे देशांतील संगणक अडवून खंडणी मागितली, त्याचे ठिगळ दोन महिने आधीच उपलब्ध होते. लावायचे राहिले होते. हिशेबाच्या प्रती दुसरीकडे, जाळ्यापासून तोडून ठेवतात आणि त्या उघडतात की नाही हे मधूनमधून पाहतात. रात्रंदिवस गस्त ठेवतात. आणि अखेर वर्दी. सर्ट-इनने २०२२ साली असा दंडक घातला, की घुसखोरी ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवले पाहिजे. सामान्य माणसासाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितका पैसा वाटेतच अडण्याचा संभव अधिक.

या शेवटच्या उपायापाशी आमचा प्रसंग येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका मध्यम कारखान्यात एक हिशेबनीस होते. अठरा वर्षांची नोकरी, एका पैचा घोळ नाही. नेहमीच्या माल पुरवणाऱ्याचा म्हणून ईमेल आला, 'आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे पैसे या खात्यात भरा.' महिनाअखेर होती, वरून घाई होती. त्यांनी १९ लाख रुपये भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ध्यानात आले, की पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर वेगळे आहे. त्याच क्षणी ते बोलले असते तर रक्कम बहुधा अडवता आली असती. ते बोलले नाहीत. तीन दिवस ते घरी जेवले नाहीत आणि कचेरीत तोंड उघडले नाही. चौथ्या दिवशी खऱ्या पुरवठादाराचा तगादा आला. तोवर खाते रिकामे झाले होते. व्यवस्थापनाने त्यांना त्याच संध्याकाळी काढून टाकले.

आम्ही लढलो. आमचे म्हणणे असे, की १९ लाख एका माणसाच्या एका बोटाने जातात, हा दोष बोटाचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. एके काळी यंत्रात कामगाराची बोटे गेली तर मालक म्हणे, कामगार गाफील. १९४८ च्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्राला कुंपण घालण्याचे बंधन मालकावर टाकले. मग हिशेबाच्या संगणकाला दुसऱ्या किल्लीचे कुंपण का नव्हते? सात महिन्यांनी, दोन वेतनवाढी गमावून, ते कामावर परत आले.

पण मित्रहो, त्यांनी आम्हांला एक गोष्ट सांगितली, ती आम्ही अजून विसरलो नाही. आम्ही विचारले, "तुम्ही दुसऱ्या दिवशी बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "साहेब काढून टाकतील ही भीती होतीच. पण तुम्हीच सभेत सांगत होता ना, काही चूक झाली तर आधी कबूल करू नका, संघटनेला विचारल्याशिवाय तोंड उघडू नका. तुम्ही त्या आठवड्यात बाहेरगावी होता."

हे खरे होते. आम्ही तसे सांगत होतो, आणि त्याला कारणही होते. कबुलीच्या कागदावर सही घेऊन माणसे घरी बसवलेली आम्ही पाहिली आहेत. पण आमच्या त्या शिकवणीने त्या तीन दिवसांत चोराचे काम सोपे केले, हे आम्हांला मान्य केलेच पाहिजे. संगणक येऊ लागले तेव्हा आमच्या चळवळीतील वडीलधाऱ्यांनी नोकऱ्या जातील म्हणून विरोध केला. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणक कोठे आणि किती आणावेत याचा करार केला. नोकऱ्यांचा विचार आम्ही केला. पण त्या यंत्रासमोर बसलेल्या माणसावर कोणती नवी जोखीम येते, आणि त्याने ती कोणाला सांगायची, याचा विचार ना मालकांनी केला, ना आम्ही.

त्या कारखान्यात पुढे आम्ही आणि व्यवस्थापनाने मिळून तीन नियम लिहिले. पहिला, कोणाचेही बँक खाते बदलल्याचा निरोप आला तर त्या निरोपातल्या नव्हे, तर आपल्या जुन्या वहीतल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करायची. मग तो निरोप खुद्द मालकांचा का असेना. दुसरा, ठरलेल्या रकमेपुढे दोन सह्या, महिनाअखेर असो वा दिवाळी. तिसऱ्या नियमासाठी भांडण झाले: चूक ध्यानात येताच जो आपण होऊन कळवील, त्याला त्या चुकीबद्दल शिक्षा नाही. मालक म्हणाले, याने गाफीलपणा वाढेल. आमचे कार्यकर्ते म्हणाले, हा कबुलीचा सापळा आहे. दोघांनाही समजवायला दोन महिने लागले. नियम झाल्यावर वर्षभरात चार वेळा कर्मचाऱ्यांनी आपण होऊन संशयाचे ईमेल दाखवले. त्यांतले एक पत्र उघडून झालेले होते. तो मुलगा वर्षभरापूर्वीचा नवखा, धावत आला आणि म्हणाला, "मी दाबले हो." तेवढा एक संगणक जाळ्यातून तोडला आणि काम चालू राहिले. त्या मुलाला कोणी काही बोलले नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे. आपल्या गावात पतपेढ्या आहेत, सहकारी संस्था आहेत, दहा-वीस माणसांचे कारखाने आहेत. त्यांना रात्रंदिवस गस्त घालणारे तज्ज्ञ परवडणार नाहीत; पण दुसरी किल्ली परवडेल, जुनी वही परवडेल आणि न रागावता ऐकून घेणारा अधिकारीही परवडेल. आज येथे जे संचालक, मालक आणि व्यवस्थापक बसले आहेत, त्यांनी उद्या कचेरीत गेल्यावर आपल्या सर्वांत धाकट्या कारकुनाला विचारावे, "तुझ्या हातून चूक झाली तर तू मला किती वेळात सांगशील?" उत्तर द्यायला तो घुटमळला, तर समजावे की आपले कुलूप अजून बसलेले नाही.